सामीचं पान

घाबरू नकोस गं, वीजच गेलीय. बस इथे टेबलापाशी, मी समई लावते. बघ ना गंमत! अख्ख्या जगाचं इंटरनेट म्हणे आपल्या या अ‍ॅशबर्नमधून जातं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरच्या इमारती, त्यांची घरघर दिवसभर कानात. आणि आपल्या घरात मात्र जरा वारा सुटला की समई. आमचे हे त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला होते, त्यांना या गोष्टीची फार लाज वाटायची. मला नाही वाटत. मला हा पिवळा उजेड आवडतो.

तर तू विचारत होतीस ना ऋता, आमची अदिती नक्की काय काम करते? मलाही बरीच वर्षं धड सांगता यायचं नाही. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की मी म्हणायचे, वॉशिंग्टनला ऑफिस आहे, मीटिंगा असतात. खरं काम असं, की कुठल्या तरी देशात आपापसात युद्ध पेटलेलं असतं. त्यातल्या दोन्ही बाजूंची माणसं गुपचूप इकडे आणायची, एका टेबलाशी बसवायची आणि भांडण मिटवायचं. घरात आईशी दोन वाक्यं शांतपणे बोलत नाही ती, पण ते असू दे. त्या कामात एकदा मीसुद्धा होते. हसू नकोस. पोळ्या लाटायला होते.

ह्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. पितृपक्ष चालू होता. मी इंडियन स्टोअरमध्ये अळूची पानं शोधत होते, कारण सर्वपित्रीला अळूचं फदफदं नसेल तर ह्यांनी वरून नाक मुरडलं असतं. तेवढ्यात अदितीचा फोन आला.

"आई, पुढचा आठवडा फ्री आहेस? कुकिंगचं काम आहे. प्लीज, लगेच नाही म्हणू नकोस."

"कुणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही गं. पीस टॉक्स आहेत."

झालं असं होतं, की ते लोक एकमेकांच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हते. आधीच्या एका बैठकीत कुणाच्या तरी जेवणात काहीतरी कालवलं गेलं होतं आणि माणूस गेला होता. मग इथला केटरर कुणी ठरवायचा, तो कुणाचा पाहुणा, यावरच वाद. अदिती म्हणाली, "तुझ्यावर दोन्ही साइड्सना ऑब्जेक्शन नाही. आणि आई, दुसरं एक रीझन आहे. दोघांचेही लीडर्स यंग असताना पुण्यात शिकलेत. सेम कॉलेज, सेम रूम."

मी कागदावर सही केलीय, त्यामुळे देशाचं नाव सांगणार नाही. डोंगर आहेत, मधून नदी वाहते, एवढं पुरे. माणसांची नावंही तिथे उच्चारायची नव्हती. म्हणून मी आपली माझ्यापुरती नावं ठेवली. डोंगरातल्या लोकांचे पुढारी ते डोंगरकाका, उंच, पांढरी दाढी, बोलणं कमी. नदीकाठच्या शहरवाल्यांचे पुढारी ते नदीकाका, बुटके, जाड भिंगाचा चष्मा, सारखे खिशात काहीतरी चाचपणारे. दोघं माझ्याच वयाचे. आणि मला म्हणायचे काकू!

जागा इथून पश्चिमेला, डोंगरात. जुनं दगडी फार्महाउस, पाठीमागे सफरचंदांची बाग, तोडायला कुणी नसल्यामुळे खाली फळांचा खच पडलेला. सगळीकडे तो गोड, आंबूस, कुजका वास. फोनला रेंज नाही. सकाळी धुकं इतकं दाट की स्वयंपाकघराच्या दारातून बागेची दगडी भिंतसुद्धा दिसायची नाही. आणि कावळे! बाप रे, किती कावळे. मी भाजीची देठं टाकायला बाहेर आले की अंगावरच यायचे मेले.

पहिल्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं. लांबलचक टेबल. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, मधे अदिती आणि तिची माणसं. कुणी मान वर करत नव्हतं. चमच्यांचा काय तो आवाज. मी साधं वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर असं केलं होतं. वाढत वाढत नदीकाकांपाशी आले तर ते चष्म्यातून वर बघून हळूच म्हणाले, "काकू, तूप?"

मराठीत! माझ्या हातातलं भांडंच निसटलं असतं. आणि टेबलाच्या त्या टोकाकडून डोंगरकाका पानातून डोळे न उचलता बोलले, "याला नका देऊ. खोकला होतो याला."

त्यांच्या माणसांना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. सगळे एकदम ताठ झाले, एकाचा तर हात कमरेकडे गेला. पण नदीकाकांनी तोंडावर हात धरला होता, खांदे हलत होते. हसत होते ते. अदितीने मला नंतर सांगितलं, की युद्ध सुरू झाल्यापासून एकाच्या बोलण्यावर दुसरा थेट काही बोलला तो हा पहिल्यांदाच.

मग रोज दुपारी चहाच्या वेळी दोघं स्वयंपाकघरात यायला लागले. आधी वेगवेगळे, मग एकदम. बाहेर हॉलमध्ये एकमेकांवर ओरडायचे, आणि आत आले की माझ्यासमोर सदाशिव पेठेतल्या खानावळीच्या गप्पा. एका बाईंची ती खानावळ होती, त्यांनाही हे काकूच म्हणायचे. माडीवरची खोली, एक खाट, त्यावर कोण झोपणार यावरून भांडण. रविवारी शिकरण. भाड्याच्या सायकलवर डबलसीट जाताना पोलिसाने पकडलं तेव्हा नदीकाका म्हणे, "मला भाषा येत नाही," असं चोख मराठीत म्हणाले होते. मी हसून हसून बेजार. मलाही माझं पुणं आठवायचं, कॉलेज सुटल्यावर ह्यांची वाट बघत उभी राहायचे ते कोपरे आठवायचे. खरं सांगू, ह्यांच्यामागे मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर हसले. परक्या देशातल्या दोन बंदूकवाल्या म्हाताऱ्यांबरोबर.

त्यातलीच एक आठवण नदीकाकांनी सांगितली. खानावळीच्या काकूंचा नवरा गेला तेव्हा हे दोघं तिथेच राहत होते. काकूंना मूलबाळ नाही, म्हणून दहाव्याला ओंकारेश्वरावर ही दोन परदेशी पोरं बरोबर गेली. आणि पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, इच्छा राहिलीय, कुणीतरी शब्द द्या. भाऊबंदांनी काय काय कबूल केलं, कावळा हलेना. शेवटी हा उंच मुलगा, म्हणजे आपले डोंगरकाका, पुढे झाला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, काका, काकूंची खानावळ आम्ही बंद पडू देणार नाही. झटकन कावळा शिवला!

"मग?" मी विचारलं.

"मग काय, काकू. परीक्षा तोंडावर, आणि आम्ही दोघं पोळ्या लाटतोय," डोंगरकाका म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला त्या घरात सुरुवातीपासून खटकत होती. स्वयंपाकघराला मागे जाळीचं दार होतं, स्प्रिंगचं. दुपारी पानं घेतली की ते करकरत उघडायचं आणि फट्‌कन मिटायचं. वारा नसतानासुद्धा. मी वळून बघायचे तर कुणी नाही. आणि पाठोपाठ वास यायचा. सफरचंदांचा नाही, तो ओळखीचा झाला होता. हा वास ओल्या मातीचा, खोल खणलेल्या मातीचा. मी फरशी पुसून काढली, ओट्याखाली बघितलं, कुठे ओल नाही. अदितीला म्हटलं तर ती म्हणाली, "ओल्ड हाउस आहे, आई." पण डोंगरकाकांचा घास त्या दाराच्या आवाजाबरोबर दर वेळी हातातच थांबायचा. ते मी पाहिलं होतं.

घोडं कुठे अडलं होतं तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या दोघांचं जन्मगाव एकच, नदीकाठचं ते शहर. एकाच शाळेत गेले दोघं. आता त्या शहरात नदीकाकांची माणसं होती आणि डोंगरकाकांच्या फौजेने चहूबाजूंनी वेढा घातला होता. आत पीठ संपलं होतं. बर्फ पडलं की घाटरस्ते बंद होणार, मग शहर उपाशी मरणार. वेढा उठवायच्या कागदावर डोंगरकाकांची सही हवी होती. आणि ते म्हणत होते, माझा मुलगा कुठे आहे ते सांगा, मग सही.

सामी त्याचं नाव. एकुलता एक. एका नाक्यावर नदीकाकांच्या माणसांनी त्याला गाडीतून उतरवून नेलं होतं. त्यानंतर ना निरोप, ना पत्ता. नदीकाका रोज एकच उत्तर देत होते, "मला माहीत नाही." भांडी पुसता पुसता अदितीच्या डोळ्यांत पाणी आलं. "इट्स स्टक, आई. तिथे लहान मुलं गवत उकळून खातायत, आणि आम्ही इथे तुझ्या पोळ्या खातोय." मी तिला जवळ घेतलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच घेऊ दिलं तिने.

सर्वपित्रीचा दिवस उजाडला तो असा, की बोलणी फिसकटल्यातच जमा. संध्याकाळी गाड्या येणार होत्या, सगळ्यांना विमानतळावर सोडायला. सामान दारात येऊन पडलं होतं. मी मात्र पहाटेपासून ओट्याशी. म्हटलं, कुणाचं युद्ध असो नाहीतर तह, ह्यांचं पान चुकायचं नाही. खीर, वडे, अळू, भोपळ्याची भाजी, गवार, कढी, आमसुलाची चटणी. सगळं केलं.

भुतंखेतं रात्रीच असतात असं कोण म्हणतं? भर दुपार होती. फक्त धुकं त्या दिवशी उठलंच नव्हतं. बागेच्या भिंतीवर मी केळीच्या पानावर सगळं वाढलं, पाणी फिरवलं, हात जोडले. आणि माझ्या सासूबाई म्हणायच्या तसंच म्हटलं, "सगळ्या पितरांनो, या. ज्यांचं कुणी नाही, त्यांनीही जेवून जा." मग ह्यांचं नाव घेतलं आणि कावळ्यांना हाका मारल्या.

एकही हलला नाही. झाडाच्या फांद्या काळ्या दिसत होत्या इतके बसले होते, पण चूप. एरवी देठांवर तुटून पडणारे हे, आणि खिरीकडे ढुंकून बघेनात. मी म्हटलं, अहो, आता काय हवंय तुम्हाला? तुमची ती खटारा गाडी विकणार नाही. अदितीच्या लग्नाचा विषय काढणार नाही, झालं? बागेतल्या तुमच्या गुलाबांना पाणी घालते हो रोज. काही नाही. ह्यांची इच्छा राहिली असेल हे मला पटतच नव्हतं. समाधानी माणूस होता तो.

मागे पावलं वाजली. डोंगरकाका आणि नदीकाका बाहेर आले होते, त्यांची माणसं दारात थांबलेली. पान बघून दोघांनाही काय ते कळलं. नदीकाका चष्मा पुसत म्हणाले, "काकू, तुमच्या मिस्टरांना मीठ कमी वाटलं असेल." मला हसू आलं, पण डोंगरकाका हसले नाहीत. ते पानाकडे बघत होते.

"काकू... नाव घेतलं की येतो ना? मेलेल्याचं?"

"येतो... कधी कधी वेळ लागतो."

"आणि जिवंत माणसाचं नाव घेतलं, तर येणार नाही."

माझ्या उशिरा लक्षात आलं. "अहो, नका... जित्या माणसाचं नाव असं घेत नाहीत..."

"म्हणूनच घेतो," ते म्हणाले. भिंतीपाशी गेले, टोपी काढली आणि हाक मारली. फार मोठ्याने नाही. घरातल्या घरात मुलाला जेवायला बोलवावं तशी.

"सामी..."

जाळीचं दार करकरलं, फट्‌कन मिटलं. दारातली माणसं दचकून बाजूला झाली. आणि तो मातीचा वास असा आला, की मी पदर नाकाला लावला. झाडावरचा एकही कावळा उठला नव्हता. एक कावळा धुक्यातून आला, खालून, जमिनीलगत. लहानसा, पिसं भिजलेली, चिखलाने चिकटलेली. भिंतीवर चढला आणि पानाशेजारी उभा राहिला.

डोंगरकाका खाली बसले, ओल्या गवतात, गुडघ्यांवर. माझा जीव गलबलला गं. इतका मोठा माणूस, आणि ते बसणं...

कावळा पानाला शिवत नव्हता. नुसता उभा. डोंगरकाका त्यांच्या भाषेत त्याच्याशी बोलू लागले. शब्द मला कळत नव्हते, पण शब्द देणाऱ्या माणसाचा आवाज कुठल्याही भाषेत सारखाच असतो. तुझ्या आईला सांभाळीन म्हणत असतील. सूड घेणार नाही म्हणत असतील. कावळ्याने पानाकडे बघितलंही नाही. त्याने मान वाकडी केली आणि तो नदीकाकांकडे बघत राहिला.

नदीकाकांचा चेहरा पिठासारखा झाला होता. ते एक पाऊल मागे सरले. कावळा भिंतीवर एक पाऊल पुढे आला. मग नदीकाका बोलले, मराठीत. दारातल्या कुणाला कळू नये म्हणून असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेत ते सांगणं त्यांना जमलं नसेल.

"मी सांगतो... कुठे आहे ते सांगतो..."

कावळा वाकला आणि त्याने खिरीत चोच घातली.

"शाळेत," नदीकाका म्हणाले. "आपल्या शाळेत... तुतीच्या झाडाखाली. माझ्या माणसांनी मारला त्याला. तुझा मुलगा आहे हे त्यांना नंतर कळलं... मग मला सांगितलं."

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"सुरुवातीपासून... सांगितलं असतं तर तू शहर जाळलं असतंस."

"जाळलं असतं," डोंगरकाका म्हणाले.

त्या दोघांच्या मधे मी उभी, हातात पाण्याचा तांब्या. दारात बंदूकवाली माणसं, त्यांना यातलं अक्षर कळलेलं नाही. डोंगरकाकांनी नुसता हात वर केला असता तरी तिथे रक्त सांडलं असतं, आणि तिकडे एक अख्खं शहर संपलं असतं. मी मनात ह्यांचा धावा करत होते. तो कावळा शांतपणे जेवत होता. घाईने नाही, बऱ्याच दिवसांनी अन्न बघितलेला माणूस आधी जरा जपून जेवतो ना, तसा. पान स्वच्छ केलं त्याने. मग खाली उतरला आणि धुक्यात चालत गेला. उडाला नाही. चालत गेला.

डोंगरकाका उठले. गुडघे चिखलाने भरलेले. नदीकाकांसमोर उभे राहिले, किती तरी वेळ. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, वाढा आम्हाला. एकत्रच वाढा."

शेजारी शेजारी बसून जेवले दोघं. नदीकाका रडत रडत जेवत होते आणि डोंगरकाकांनी तुपाची वाटी उचलून त्यांच्यापुढे सरकवली. संध्याकाळी सह्या झाल्या. गाड्या आल्या त्या रिकाम्याच परत गेल्या. अदिती मला मिठी मारून म्हणाली, "यू डिड इट, आई," आणि मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

वेढा उठला. बर्फ पडायच्या आत पिठाचे ट्रक शहरात पोचले. अदितीने मला फोटो दाखवला, बेकरीपुढे रांगेत उभी असलेली माणसं, हसणारी. मी तो फ्रिजवर लावला. डोंगरकाका बिनहत्यारी शहरात गेले. तुतीच्या झाडाखाली दोघांनी मिळून खणलं, मजूर लावला नाही. तरुण मुलगा सापडला. कपडे कुजलेले, चेहरा उरलाच नव्हता. तपासण्या वगैरे करायला त्या शहरात दवाखान्याला छप्पर तरी हवं! बापाने ओळखलं, आईने ओळखलं, टेकडीवर घराण्याच्या जागेत पुरलं आणि दगडावर नाव कोरलं, सामी. मला निरोप आला होता, "काकू, मुलगा घरी आला." त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावून ठेवला, विझू दिला नाही.

त्या घराची मला अजून आठवण येते, खोटं कशाला बोलू. त्या चहाची, त्या हसण्याची. इथे माझ्याशी पुण्याबद्दल असं बोलायला कोण आहे? तू आहेस, पण तुझं पुणं वेगळं गं.

या वसंतात अदिती ऑफिसातून धावत घरी आली. तहाच्या अटींप्रमाणे कैद्यांची अदलाबदल झाली होती. सरहद्दीवरच्या कुठल्याशा तुरुंगातून काही माणसं सुटली, ज्यांची नावंही कुणाकडे नव्हती. त्यातला एक चालत डोंगरकाकांच्या दारात आला. केस पिकलेले, हाडं निघालेली. सामी! जिवंत! गाडीतून उतरवून नेलं होतं ते खरं, पण शाळेत पुरला तो हा नव्हताच, नदीकाकांच्या माणसांनी दुसऱ्याच कुणाला सामी समजलं होतं. मी आनंदाने रडले. शिरा केला, शेजारी वाटला. अदितीला म्हटलं, अगं, मग तिथे कोण...? ती भांडी आवरायला लागली. मीही पुढे विचारलं नाही.

मग एका रविवारी सकाळी मला फोन आला. नंबर कुठलाच दिसत नव्हता.

"काकू... मी बोलतोय."

आवाज ओळखला मी. म्हटलं, "ऐकलं हो, ऐकलं! देव पावला! कसा आहे सामी?"

"बरा आहे. जेवतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "काकू... तो दुसरा कोण, कळलं नाही. विचारलं सगळीकडे. कुणीच त्याला आपला म्हणत नाही."

"मग... ते दगडावरचं नाव?"

"पुसायला माणूस पाठवला होता. पुसू दिलं नाही."

"कुणी? तुमच्या बायकोने?"

तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ असावी. भांडी वाजत होती, त्यांच्या बायकोचा आवाज येत होता. मग तिने हाक मारली. अगदी स्पष्ट ऐकू आली मला, "सामी!"

आतल्या खोलीतून एका पुरुषाचा थकलेला आवाज आला. त्यांच्या भाषेतलं "आलो" असणार.

आणि त्याच्यामागून, बाहेरून, दुसरा आला. कोवळा, आनंदलेला. तोच शब्द.

भांडी वाजायची थांबली. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. डोंगरकाका इतकं हळू बोलले, की मला श्वास रोखून ऐकावं लागलं.

"ऐकलंत ना, काकू? मागच्या महिन्यात टेकडीवरून यायचा... आता अंगणातून येतो."